कोस्टा रिकातील अभ्यास-सत्र: जिथे थांबवले तिथे उत्तम, जिथे फिरवले तिथे सामान्य

पर्यावरणशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील एक सत्र परदेशात पूर्ण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकात चालणाऱ्या एका क्षेत्र-अभ्यास कार्यक्रमाचे हे परीक्षण आहे. अमेरिकेतील विद्यापीठात शिकत असताना मी तो पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याचे कार्यक्रम तेथे अनेक संस्था चालवतात आणि माझ्या बहुतेक तक्रारी त्या साच्याविषयी आहेत. निकाल आधीच सांगून टाकते: पैसे वाया गेले नाहीत. मात्र माहितीपत्रकात ज्या गोष्टींची जाहिरात ठळकपणे केलेली असते त्या आणि प्रत्यक्षात ज्यांनी काही शिकवले त्या, यांची यादी केली तर दोन्ही याद्यांत फारच थोडी नावे समान निघतात. कार्यक्रमाने आम्हाला जेथे एका जागी राहू दिले तेथे तो उत्कृष्ट होता. जेथे बसमध्ये बसवून फिरवले तेथे तो महागड्या सहलीपेक्षा फारसा वेगळा नव्हता.

सत्राची आखणी अशी असते. सुरुवातीचे आठवडे राजधानी सान होसेच्या पूर्वेला असलेल्या सान पेद्रो या भागात जातात. सकाळी स्पॅनिशचे वर्ग, दुपारी परिसंस्थाशास्त्राची आणि धोरणविषयक व्याख्याने, आणि राहण्याची सोय एखाद्या स्थानिक कुटुंबात. त्यानंतर कॅरिबियन बाजूच्या सखल प्रदेशातील ला सेल्वा या संशोधन केंद्रावर दीर्घ मुक्काम असतो, मग मोंतेवेर्देचे मेघवन, तोर्तुगेरोचा किनारा आणि आणखी काही ठिकाणांच्या धावत्या भेटी, आणि शेवटी पुन्हा सान पेद्रोत प्रकल्पाचा अहवाल व सादरीकरण. शुल्क अमेरिकी विद्यापीठातील एका सत्राच्या शुल्काच्या आसपास जाते आणि त्यात निवास, जेवण व देशांतर्गत प्रवास धरलेला असतो; विमानभाडे आणि व्हिसाचा खर्च वेगळा.

ला सेल्वाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सत्राचा खरा कणा तेच आहे. पुएर्तो व्हिएहो आणि सारापिकी या दोन नद्यांच्या संगमाजवळ सुमारे १६०० हेक्टरांवर हे केंद्र पसरले आहे. वनशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांची ही जमीन १९६८ मध्ये उष्णकटिबंधीय अभ्यास संघटनेने विकत घेतली. अनेक विद्यापीठांनी मिळून ती संघटना १९६३ मध्ये स्थापन केली होती. येथे वर्षाला सुमारे चार मीटर पाऊस पडतो. केंद्राचे जंगल दक्षिणेला ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाला जोडलेले असल्यामुळे समुद्रसपाटीपासून जेमतेम तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या दमट रानापासून बार्वा ज्वालामुखीच्या जवळजवळ २९०० मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत अखंड वनाचा पट्टा टिकून राहिला आहे, आणि उंचीनुसार जीवसृष्टी कशी बदलते हे अभ्यासण्यासाठी अशी जागा मध्य अमेरिकेत दुर्मीळ आहे.

निवासाच्या खोल्या साध्या पण नीटनेटक्या आहेत. नदीवरचा झुलता पूल ओलांडला की प्रयोगशाळा आणि जंगलात जाणाऱ्या पायवाटा सुरू होतात. त्यांपैकी काही चक्क काँक्रीटच्या आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडा अपेक्षाभंग होतो, पण मुसळधार पावसात उपकरणे घेऊन परतताना त्याच वाटांचे मोल कळते. जंगली डुकरांसारखे दिसणारे पेक्कारींचे कळप इमारतींच्या आसपास निर्धास्त चरत असतात आणि त्यांचा उग्र वास ते दिसण्याआधी पोहोचतो. जेवणघरात तिन्ही वेळा भात आणि काळे घेवडे असतात, सोबत भाजी किंवा मांसाचा एखादा पदार्थ. शाकाहारी विद्यार्थ्याची तेथे उपासमार होत नाही. कंटाळा मात्र येतो.

येथे प्रत्येक विद्यार्थ्याला एक स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. माझा प्रकल्प लाल अंगाच्या आणि निळ्या पायांच्या विषारी बेडकाविषयी होता. हा बेडूक जेमतेम दोन सेंटीमीटर लांब असतो आणि त्याच्या कातडीतील विष मुख्यतः तो खात असलेल्या कोळीवर्गीय सूक्ष्म किडींतून आणि मुंग्यांतून येते. नर आपापल्या छोट्या हद्दीतील एखाद्या ओंडक्यावर किंवा उंचवट्यावर बसून पहाटेपासून ओरडतात. ओरडणाऱ्या नरांच्या जागा नोंदवून त्यांच्यातील अंतरे मोजायची आणि आसपासच्या पडलेल्या ओंडक्यांशी व झाडांच्या बुंध्यांशी त्यांचा काही संबंध दिसतो का, एवढाच माझा प्रश्न होता. सुरुवातीला मला सगळीकडून एकसारखी किरकिर ऐकू यायची आणि नाकतोडे कुठले, बेडूक कुठले, हेच कळत नसे. आमच्याबरोबर असलेल्या कोस्टा रिकन संशोधन-सहायकाने रोज त्याच तुकड्यात, त्याच वेळी, वही बंद ठेवून नुसते उभे राहायला लावले. काही दिवसांनी कान तयार झाला आणि मी न पाहता बोट दाखवून नर कोणत्या बुंध्यापाशी आहे हे सांगू लागले. एका सकाळी पाठीवर एकच शेपटीदार पिल्लू घेतलेली मादी एका झाडाच्या खोडावर चढताना दिसली. या जातीत मादी पिल्लांना एकेक करून पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात नेऊन सोडते आणि नंतर तेथे फलन न झालेली अंडी घालून त्यांना खाऊ घालते. पुस्तकात हे वाचलेले होते. पण मादी चार बोटे वर चढते, थांबते, घसरते आणि पुन्हा चढते, यात किती वेळ जातो हे पाहिल्यावर त्या वाचलेल्या वाक्याला वजन आले.

याच केंद्राविषयीचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. १९७० पासूनच्या नोंदी तपासून त्यात असे दाखवले गेले की, जंगल पूर्णपणे संरक्षित असूनही तेथील पालापाचोळ्यात राहणारे बेडूक आणि सरडे ३५ वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. वर्गात हा आकडा ऐकला तेव्हा तो एक आकडा होता; रोज तोच पालापाचोळा वरखाली केल्यानंतर आम्ही प्राध्यापकांना विचारलेले प्रश्न वेगळे होते. अशा नोंदी कोणीतरी दशकानुदशके त्याच जागी ठेवत राहिले म्हणूनच ही घट लक्षात आली. या मुक्कामाच्या शिकवणीबद्दल मला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. प्राध्यापक प्रत्येक प्रकल्पाचा आराखडा निर्दयपणे तपासत, नमुन्यांची संख्या अपुरी असेल तर तसे स्पष्ट सांगत आणि निष्कर्ष फुगवू देत नसत. माझा निष्कर्ष अगदी छोटा निघाला, आणि तो तसाच सादर करू दिला गेला.

एक गोष्ट आधी सांगितली गेली असती तर बरे झाले असते. १९९८ च्या जैवविविधता कायद्यामुळे कोस्टा रिकात प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी आणि त्यांच्या जनुकीय सामग्रीवर काम करण्यासाठी सरकारी परवाना लागतो. हा नियम योग्यच आहे. पण एका सत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्याला असा परवाना वेळेत मिळणे कठीण असल्यामुळे बहुतेक प्रकल्प निरीक्षणावर आधारित ठेवावे लागतात. माझ्या वर्गातील एकाने जनुकीय विश्लेषणाची संपूर्ण योजना लिहून आणली होती आणि तेथे पोहोचल्यावर त्याला ती बाजूला ठेवून मुंग्यांच्या वाटा मोजाव्या लागल्या. पाने कापून भूमिगत बुरशी पिकवणाऱ्या त्या मुंग्यांवरचा त्याचा प्रकल्प शेवटी चांगला झाला, पण संस्थेने प्रवेशपत्राबरोबरच दोन ओळींची सूचना पाठवली असती तर त्याचे उन्हाळ्यातील कष्ट वाचले असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत कार्यक्रम चोख होता. जंगलात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सक्तीचे होते आणि त्याचे कारण म्हणजे स्थानिक लोक ज्याला तेर्सिओपेलो म्हणतात तो विषारी साप. तो पालापाचोळ्यात इतका मिसळून जातो की, मार्गदर्शकाने काठीने दाखवूनही आम्हाला तो काही क्षण दिसला नव्हता. कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेला दिलेली भेट हा सत्राच्या पहिल्या टप्प्यातील सर्वांत चांगला दिवस होता. १९७० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार केले जाते आणि ते देशातील रुग्णालयांबरोबरच परदेशांतही पाठवले जाते. भीती घालवण्यासाठी भाषणे देण्यापेक्षा ही भेट अधिक उपयोगी पडली. बंदुकीच्या गोळीवरून नाव पडलेली मोठी काळी मुंगी, त्वचेला चिकटून चावणाऱ्या बारीक लाल किडी आणि वाळूमाशीमुळे होणारा त्वचेचा आजार, ज्याला तेथे पापालोमोयो म्हणतात, यांविषयीही नीट माहिती दिली गेली. डेंग्यूचे डास शहरातही असतात, हे मात्र घाईघाईत सांगून टाकले गेले.

सामानाच्या यादीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. यादीत आत हवा खेळती ठेवणारा महागडा रेनकोट होता. सारापिकीच्या पावसात तो तासाभरात आतून घामाने आणि बाहेरून पाण्याने भिजतो, आणि तेथील लोक साधी छत्री घेऊन फिरतात हे पहिल्याच दिवशी दिसते. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, वह्यांची पाने फुगतात. पाण्यात खराब न होणारी वही व पेन्सिल, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि झिप असलेल्या भरपूर पिशव्या यांची गरज होती आणि त्यांचा उल्लेख यादीच्या तळाशी होता.

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत धाडसी दिवस माहितीपत्रकात कुठेही नव्हता. सारापिकी परिसरात जंगलाच्या कडेपासून थोड्याच अंतरावर अननसाची शेते सुरू होतात. ताज्या अननसाच्या निर्यातीत कोस्टा रिका जगात पहिल्या क्रमांकावर आहे, आणि परदेशात हिरवा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाची ही बाजू पर्यटकाला सहसा दाखवली जात नाही. आमच्या धोरणाच्या प्राध्यापिकेने आग्रहाने एक पूर्ण दिवस तेथे घालवला. एकाही झाडाची सावली नसलेल्या, क्षितिजापर्यंत गेलेल्या काटेरी ओळींमध्ये उभे राहून आम्ही फवारणी, मातीची धूप आणि शेजारच्या देशातून, मुख्यतः निकाराग्वातून, येणाऱ्या मजुरांची परिस्थिती यांवर चर्चा केली. त्यानंतर वर्गात १९९६ च्या वनकायद्यावर जे व्याख्यान झाले ते या पार्श्वभूमीमुळेच समजले. त्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या सेवांसाठी मोबदला देण्याची पद्धत सुरू केली आणि त्यासाठीचा मोठा निधी इंधनावरील करातून उभा राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने घटलेले वनक्षेत्र आज पुन्हा देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. अननसाच्या एका हेक्टरातून मिळणारे उत्पन्न आणि राखलेल्या जंगलाच्या एका हेक्टरासाठी मिळणारा मोबदला यांची तुलना आम्हाला गृहपाठ म्हणून करायला लावली गेली. तो गृहपाठ करून बसल्यावर या धोरणाविषयीचा आमचा भाबडा उत्साह बराच ओसरला आणि आदर टिकून राहिला.

याउलट मोंतेवेर्दे. या जागेचा इतिहासच एका सत्राला पुरेल इतका आहे. सैन्यभरती नाकारणारी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची कुटुंबे १९५१ मध्ये येथे येऊन स्थायिक झाली, कारण कोस्टा रिकाने १९४८ मध्येच आपले सैन्य विसर्जित केले होते. त्यांनी दुग्धव्यवसाय उभारला आणि पाण्याचे झरे राखण्यासाठी डोंगरमाथ्यावरचे जंगल न तोडता सोडून दिले. पुढे १९७२ मध्ये मेघवनाचे अभयारण्य स्थापन झाले. सोनेरी रंगाच्या बेडकाची एक जात फक्त याच डोंगरकड्यावर सापडत असे आणि १९८९ नंतर ती कोणालाही दिसलेली नाही. बुरशीजन्य रोग आणि बदलते हवामान यांचा त्यातील वाटा किती, यावर अजूनही वाद आहेत. एवढी सामग्री हाताशी असताना आम्हाला तेथे मिळाल्या धावत्या भेटी: एका सकाळी ठरलेल्या वाटेवरून मार्गदर्शित फेरी, दुपारी झुलत्या पुलांवरून चालणे, संध्याकाळी भेटवस्तूंची दुकाने. क्वेकर समाजातील एका ज्येष्ठ व्यक्तीशी झालेले संभाषण अप्रतिम होते आणि पुढच्या बसची वेळ झाली म्हणून ते अर्ध्यावर तोडावे लागले.

तोर्तुगेरोची गोष्टही अशीच, फक्त तेथे नियमांमुळे थोडी शिस्त होती. हिरव्या समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात रात्री किनाऱ्यावर परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, छायाचित्रे घेता येत नाहीत आणि कासव खड्डा खणून अंडी घालू लागेपर्यंत लांब अंधारात वाट पाहावी लागते. येथे १९५० च्या दशकापासून चाललेले कासवांचे संशोधन जगभर मार्गदर्शक मानले जाते. आम्ही मात्र संशोधकांना भेटलोच नाही. पर्यटक जे पाहतो तेच पाहून परतलो.

या धावपळीमागे एक व्यावहारिक अडचणही आहे, जी आखणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवी. सान होसेहून कॅरिबियन बाजूला जाणारा ३२ क्रमांकाचा महामार्ग ब्राउलियो कारियोच्या डोंगरातून जातो आणि मोठ्या पावसात दरडी कोसळल्यामुळे तो वारंवार बंद होतो. आमच्या वेळी तो बंद झाला, बस लांबच्या घाटमार्गाने गेली आणि वेळापत्रकात मोकळा दिवसच नसल्यामुळे त्याची भरपाई प्रकल्पाच्या दिवसांतून केली गेली. ज्या देशात पावसाळ्यात दरड कोसळणे ही बातमीही राहत नाही, तेथे एकही राखीव दिवस न ठेवणे मला बेजबाबदार वाटते.

आता घरगुती निवासाबद्दल. सान पेद्रोतील ज्या कुटुंबात माझी व्यवस्था झाली त्या घरात एक आजी, त्यांची मुलगी आणि शाळेत जाणारा नातू होते. आजींना सगळी गल्ली आदराने दोन्या म्हणत असे आणि मीही तसेच म्हणू लागले. सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरात हालचाल सुरू होई. लाकडी चौकटीत टांगलेल्या कापडी पिशवीत कॉफीची पूड घालून त्यावर उकळते पाणी हळूहळू ओतले जाई आणि खाली ठेवलेल्या भांड्यात कॉफी गळत राही. तोपर्यंत रात्रीचा उरलेला भात आणि काळे घेवडे कांदा, ढोबळी मिरची व कोथिंबीर घालून एकत्र परतले जात. हा नाश्ता म्हणजे गायो पिंतो. थंड रात्री कॉफीऐवजी अग्वा दुल्से मिळे, म्हणजे उसाच्या रसाची ढेप फोडून गरम पाण्यात विरघळवलेले पेय, आणि आपल्याकडच्या गुळाच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्या घोटापासून परके वाटत नाही. मी मांस खात नाही हे आजींनी तक्रार न करता स्वीकारले, मात्र घेवडे डुकराच्या चरबीत शिजवले आहेत का हे बाहेर खाताना प्रत्येक वेळी विचारून घ्यावे, हा सल्ला त्यांनीच दिला. कोपऱ्यावरच्या छोट्या खाणावळीत, ज्यांना तेथे सोदा म्हणतात, भात, घेवडे, कोशिंबीर आणि तळलेली पिकलेली केळी अशी भरलेली थाळी पर्यटकांसाठीच्या उपाहारगृहांपेक्षा खूपच कमी कोलोनमध्ये मिळते. डॉलरला सुमारे ५०० कोलोन हा हिशेब डोक्यात बसायला वेळ लागत नाही. पाटीवर कर आणि सेवाशुल्क धरले आहे का, हे मात्र पाहून घ्यावे.

संस्था या निवासाला माहितीपत्रकात एक परिच्छेद देते, आणि माझ्या मते सान पेद्रोतील टप्प्याचे निम्मे मोल त्यातच आहे. जेवणाच्या टेबलावर नातवाच्या गृहपाठापासून वीजबिलापर्यंत सगळे बोलले जाई आणि ते समजून घेण्याशिवाय गत्यंतर नसे. पत्ता सांगण्याची पद्धतही तेथेच शिकावी लागली, कारण रोजच्या व्यवहारात घरक्रमांक आणि रस्त्यांची नावे फारशी वापरली जात नाहीत. चर्चपासून १०० मीटर उत्तरेला, मग ५० मीटर पूर्वेला, असे सांगतात आणि १०० मीटर म्हणजे प्रत्यक्ष अंतर नसून साधारण एक गल्ली असते. सान पेद्रोत तर कित्येक वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या एका वडाच्या जातीच्या झाडापासून अजूनही अंतरे सांगितली जातात. नवख्याला हे विनोदी वाटते, पण टॅक्सीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याच नकाशाने चालतात.

भाषेचे वर्ग मात्र सुमार होते. शिक्षिका प्रेमळ आणि मेहनती होत्या. दोष पाठ्यपुस्तकाचा होता. ते इतर देशांतील विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले असल्यामुळे त्यात मित्राशी बोलताना ‘तू’साठी जे रूप घोकून घेतले जाई ते कोस्टा रिकात फारसे वापरात नाही. तेथे घरात, अगदी मुलांशी आणि कधी कुत्र्याशीही, आदरार्थी उस्तेद चालते आणि तरुण मित्रांमध्ये वोस. आठवडाभर तालीम केलेले वाक्य मी नातवाशी बोलले तेव्हा तो दूरदर्शनवरच्या परदेशी मालिकेतील पात्र समोर आल्यासारखा हसला. वर्ग आणि घर यांची सांगड घालण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

स्थानिक विद्यार्थ्यांशी संपर्क हा दुसरा कच्चा दुवा. देशातील सर्वांत मोठे विद्यापीठ, म्हणजे १९४० मध्ये स्थापन झालेले कोस्टा रिका विद्यापीठ, आमच्या वर्गांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. तरीही आमचे वर्ग भाड्याच्या इमारतीत, फक्त आमच्यासाठी भरत. ला सेल्वात कोस्टा रिकन संशोधक आणि सहायक भेटले म्हणून ही उणीव काही अंशी भरून निघाली. अर्ज करण्यापूर्वी वर्गात स्थानिक विद्यार्थी असतात का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

प्रशासनाविषयीची तक्रार भारतीय विद्यार्थ्यांच्या विशेष कामाची आहे. संस्थेची संपूर्ण पुस्तिका सर्व विद्यार्थ्यांकडे अमेरिकी पासपोर्ट आहे असे गृहीत धरून लिहिलेली होती. भारतीय पासपोर्टधारकांना प्रवेशाचे आणि मुक्कामाच्या मुदतीचे वेगळे नियम लागू होतात, आणि संपूर्ण सत्रभर राहायचे तर त्याची तजवीज महिने आधी करावी लागते. कार्यालयाला पाठवलेल्या माझ्या पत्रांना प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर आले. अखेर माझ्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कक्षाने मार्ग काढला. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी कोस्टा रिकाचा दूतावास नवी दिल्लीत आहे आणि संस्थेच्या आश्वासनावर विसंबण्यापेक्षा तेथूनच चालू नियम लेखी मागवून घ्यावेत. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी परत येतानाच्या अमेरिकी व्हिसाची वैधता आणि विद्यापीठाची सही असलेली कागदपत्रे हातात असल्याशिवाय विमानात बसू नये.

ज्यांना एकाच प्रश्नामागे चिकाटीने लागायला आवडते, चिखल, किडे आणि तोच तो भात-घेवडा यांचे वावडे नाही आणि संशोधनाकडे जायचे आहे की नाही हे ठरवायचे आहे, त्यांनी हे सत्र जरूर करावे. फक्त स्पॅनिश शिकायची असेल तर कुटुंबात राहून एखाद्या भाषाशाळेत जाणे पुष्कळ स्वस्त पडेल, आणि फक्त देश पाहायचा असेल तर सार्वजनिक बसगाड्या चांगल्या आहेत. पैसे भरण्याआधी मागील सत्राचे दिवसवार वेळापत्रक मागावे. माहितीपत्रक हे त्याला पर्याय नव्हे. त्या वेळापत्रकात संशोधन केंद्रावरचे सलग आठवडे किती आणि मोकळे दिवस किती एवढे मोजले तरी पुरेसा अंदाज येतो.

सत्र कोणते निवडावे, याचेही गणित आहे. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात सान होसेच्या खोऱ्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी जवळजवळ रोज पाऊस कोसळतो, मात्र त्याच काळात कॅरिबियन किनाऱ्यावर तुलनेने उघडीप असते आणि तोर्तुगेरोत कासवेही असतात. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात खोरे आणि पॅसिफिक बाजू कोरडी असते, वायव्येकडील ग्वानाकास्तेच्या कोरड्या जंगलात पानगळ पाहता येते आणि सत्राच्या उत्तरार्धात मोंतेवेर्देत केत्साल पक्ष्याच्या विणीचा हंगाम सुरू होतो. मी ऑगस्टचे सत्र घेतले. पक्ष्यांवर काम करायचे असेल त्यांनी जानेवारीचे घ्यावे आणि मोंतेवेर्देचा मुक्काम वाढवून मिळेल का, हे अर्जातच विचारावे.